क्रमशः अण्णा आणि काकूंचं राज्य

...आणि कंपाउंडर तसाच ताडकन उठला. एका गालावर साबण, दुसरा गाल गुळगुळीत, गळ्याभोवती पांढरं कापड. आरशातल्या अण्णांकडे बोट रोखून तो ओरडला, "म्हणजे डॉक्टरीणबाईच? त्याच पेट्या बंद करत होत्या? अहो अण्णा, मी अजून दुसऱ्या खुनावर आहे!"

बाकावर मास्तर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला. "मी तिसऱ्यावर होतो," ते इतक्या दुःखानं म्हणाले की कुणाला वाटावं, घरातलंच कुणी गेलं. त्यांच्या शेजारचे वकील तर नुसते हात हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मी तर अजून यानात चढलोसुद्धा नाही!"

काल गोष्ट इथवर आली होती. पण काल जो नव्हता त्याला वाटायचं की हे खुनाचं प्रकरण पोलिसात गेलं की काय. तेव्हा चार पावलं मागं जायला हवं. नमनाला घडाभर तेल जाईल, पण त्याशिवाय दिवा लागायचा नाही.

अण्णांचं केस कापायचं दुकान. एक आरसा, एक बाक, आणि दांडा ओढून खाली-वर होणारी एक खुर्ची. त्यातलं 'वर' कधीच बंद पडलं होतं, त्यामुळे उंच माणूस आला की अण्णा उभे, आणि बुटका आला की अण्णा वाकलेले. दुकानाच्या मागच्या बाजूला दाराऐवजी फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्यापलीकडे लगेच स्वयंपाकघर. तिथे अण्णांची बायको. सगळं गाव तिला काकू म्हणायचं.

शेजारी रद्दीचं दुकान होतं. तिथे जुन्या रहस्यकथा यायच्या, त्यातही अवकाशातल्या, यंत्रमानवांच्या, जग बुडायला आलेलं असताना कुणीतरी कुणाचा तरी काटा काढतो अशा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अण्णा त्या वाचायचे आणि वाचलेलं गिऱ्हाइकांना सांगायचे. पण सांगायची पद्धत ठरलेली. दाढीला एक प्रसंग, कटिंगला एक प्रकरण. त्यापुढे एक शब्द नाही. यानाचा दरवाजा उघडतोय, आत कुणाची तरी सावली हललीय, आणि अण्णा गळ्याचं कापड झटकायचे. "अहो, पुढे काय?" असं गिऱ्हाइकानं कितीही कळवळून विचारलं तरी उत्तर एकच: "पुढे आधी केस वाढू देत."

म्हणून गावानं त्यांचं नाव ठेवलं क्रमशः अण्णा.

यात सगळ्यात हाल वकिलांचे. त्यांच्या डोक्यावर दोन कानांवरच्या दोन झालरी काय त्या उरलेल्या. त्या वाढायच्या कधी आणि गोष्ट पुढे सरकायची कधी! दाढी ते घरीच करायचे, बायकोनं यंत्र आणून दिलं होतं म्हणून. तेव्हा बाकीचे मंगळावर पोचून परत यायचे आणि वकील अजून सामानाची बांधाबांध करत असायचे.

गोष्ट सांगता सांगता अण्णांची मतंही चालायची. "ही पुस्तकं लिहिणाऱ्यांना एक गोष्ट कळत नाही बघा, मास्तर. माणसं ताऱ्याकडे निघाली. वर्षानुवर्षं प्रवास. यानात वैज्ञानिक आहे, सैनिक आहे, झाडं वाढवणारा आहे. न्हावी कुठाय? आणि उतरतात तेव्हा सगळ्यांचा भांग जिथल्या तिथे! मला नाही पटत." किंवा, "खलनायकाला एवढी बडबड करायची गरज काय? बटण दाबायचं तर दाब ना बाबा. मी वस्तरा गळ्यावर ठेवून भाषण देतो का?" तेव्हा खुर्चीतला माणूस आवंढासुद्धा जपून गिळायचा.

आणि पडद्यामागून आवाज यायचा, "एवढं मोठं यान, पण कुणी कुणाला जेवलात का म्हणून विचारत नाही. मग खून नाही होणार तर काय होणार?"

काकूंना पुस्तक वाचायला कधी सवड झाली नाही. त्या गोष्ट ऐकायच्या ती पडद्यामागून, भाजी चिरता चिरता, आणि तीही उलटीपालटी. सकाळी मास्तरांचा तिसरा खून, मग कुणाचा तरी पहिला, मधेच वकिलांचं यान अजून जमिनीवर. खुनी आधी पकडला जायचा आणि मुडदा नंतर पडायचा. अण्णा एकदा म्हणाले, "सलग सांगू का तुला एकदा?" तर म्हणाल्या, "नको. मला जुळवायला आवडतं."

काकूंच्या हातून भांडी मात्र फार पडायची. अण्णांनी तोंड उघडलं, "तर मास्तर, तो शास्त्रज्ञ बेशुद्ध..." की पलीकडे झाकण खणकन पडायचं. अण्णा थांबायचे, भुवई चोळायचे आणि म्हणायचे, "छे छे, ते तर मागच्या वेळी झालं. आता तो शुद्धीवर आलाय." कधी चमचा पडायचा, कधी ताटली. लोक हसायचे. "अण्णा, काकूंना जरा हलकी भांडी आणून द्या." अण्णाही हसायचे. ज्याचा त्याचा हप्ता आपल्याला बरोबर आठवतो याचा त्यांना मोठा अभिमान होता. "डोकं आहे की कपाट! प्रत्येकाचा खण वेगळा." असं ते छाती पुढे काढून सांगत.

मग लेकीला दिवस गेले. लेक विमानानं जावं लागतं अशा शहरात. काकू बाळंतपणाला गेल्या. बाळ झालं, बाळ पालथं पडायला लागलं, बाळाला वरचे दोन आणि खालचे दोन दात आले, तरी काकू तिकडेच. लेकीची नोकरी, जावयाची नोकरी; बाळाला बघणार कोण?

आणि इकडे कपाटाचे सगळे खण एकमेकांत सांडले. आधी बारीकसारीक. एकाला तोच प्रसंग परत, दुसऱ्याच्या मधला एक गाळलेला. आणि मग त्या दिवशी कंपाउंडरच्या गालावर वस्तरा फिरवता फिरवता अण्णा सहज बोलून गेले, "पण मला सांग, डॉक्टरीणबाई इतकी चांगली, तिनं झोपलेल्या माणसांच्या पेट्या का बंद केल्या असतील?" भांडं पडलं नाही. पडद्याचं फूलही हललं नाही.

तर तो असा उठला होता कंपाउंडर.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे. बेरीज आधी त्यांच्या लक्षात आली. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग अण्णांकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "अण्णा, म्हणजे काकूंच्या हातून ती भांडी पडत नव्हती."

अण्णा खुंटीवरचं दुसरं कापड काढून झटकत राहिले. त्यावर एक केस नव्हता तरी झटकत राहिले. कंपाउंडर खाली बसला, उरलेला गाल मुकाट्यानं करून घेतला, आणि जाताना त्यानं एवढंच विचारलं, "काकू कधी येणार?"

"येईल की," अण्णा म्हणाले.

काकू दुपारी फोन करायच्या. इकडे दुकान बंद असायचं, तिकडे नुकती सकाळ. स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून अण्णा फोन समोर डब्याला टेकवून ठेवायचे, म्हणजे काकूंचा चेहरा दिसायचा. काकू विचारायच्या, "कसं चाललंय?" आणि अण्णा म्हणायचे, "झकास!" जेवण? झकास. दुकान? झकास. गुडघा? तोही झकास. अण्णांचा हिशेब असा, की बाई तिकडे लेकीच्या अडीअडचणीला गेलीय, तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा? पण बोलणाऱ्याचा हिशेब एक आणि ऐकणाऱ्याचा दुसरा. काकू ऐकायच्या आणि मान हलवायच्या. एके दिवशी त्या म्हणाल्या, "लेक म्हणतेय, आई, तू इथेच राहा आता. कायमची. काय सांगू तिला?"

अण्णांच्या मनात आलं, नको म्हणावं. पण माणसाची जीभ म्हणजे वळण लागलेला बैल. ती म्हणाली, "तुझं तू बघ. इथं काय, सगळं झकास आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. आणि बराच वेळ दोघंही बाळाविषयी बोलले.

त्याच सुमारास काकूंचं राज्य सुरू झालं. जावयानं त्यांच्या फोनवर एक खेळ टाकून दिला होता. एका हातानं बाळाला थोपटायचं, तर दुसऱ्या हाताला काहीतरी हवं ना! षट्कोनी घरांचा नकाशा, त्यात आपलं एक गाव वसवायचं, शेतं काढायची, लाकूड आणायचं, मग सैन्य, मग दुसऱ्याची गावं. एकानं एक डाव करायचा आणि दुसऱ्याची वाट बघायची, घाई नाही. काकूंनी पहिल्यांदा चुकून स्वतःचंच धान्याचं कोठार पाडलं. नंतर मात्र थांबल्या नाहीत. फोनवर बाळाच्या शी-शूच्या बातम्यांमधूनच यायचं, "काल माझं घोडदळ नदीपलीकडे गेलं."

"कोणाचं घोडदळ?" अण्णा चमकले.

"माझं. तुमच्या पुस्तकांत काय होणार ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. इथं मी ठरवते."

अण्णांनी दुसऱ्या दिवशी कंपाउंडरला फुकट दाढीवर बोलावलं आणि तोच खेळ आपल्या फोनवर टाकून घेतला. डॉक्टरीणबाईंचं नाव आधीच फोडल्याचा त्याचा राग गेला नव्हता, पण कंपाउंडर मनाचा मोकळा. काकूंच्याच नकाशावर एका कोपऱ्यात अण्णांना जागा मिळाली. आता गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं यायचं असलं की अण्णा आपला डाव करायचे.

खेळाडू म्हणून ते अगदीच टाकाऊ. त्यांची मतं मात्र लगेच तयार झाली. "मास्तर, या खेळात सगळं वरून दिसतं, घारीला दिसतं तसं. वरून बघणाऱ्याला कुणाची दाढी वाढलीय ते कळत नाही. आणि एकदा एखाद्याला लाकूड तोडायला पाठवला की तो मरेपर्यंत लाकूडच तोडतो. म्हणत नाही की कंटाळा आला, म्हणत नाही की घरी जाऊन येतो." त्यांनी सैन्य केलंच नाही. एक गाव, चार शेतं, एक बाजार, आणि एक लाकूडतोड्या, ज्याला ते अधूनमधून उगाच विश्रांती द्यायचे. वेस सताड उघडी.

"अहो, हे काय!" काकूंनी फोनवर डोक्याला हात लावला. "एवढं धान्य साठवून बसलात आणि राखायला एक भालेकरी नाही? कुणीही येऊन घेऊन जाईल. मीच घेईन हं!"

"घे की."

"नवऱ्याचं गाव कोण लुटतं? लोक काय म्हणतील?"

"तिथं लोक कुठले? सगळी चित्रं."

"चित्रं झाली म्हणून काय झालं, बघतात ती."

अण्णांना खरंच वाटायचं, हिनं यावं. स्वारी करून यावं, गाव जाळून टाकावं, चालेल, पण यावं. काकू मात्र उलट दिशेला निघालेल्या. डोंगरापलीकडची राज्यं घेत, समुद्राकडे.

एक दिवस अण्णांनी तक्रार केली, "तुझं राज्य वाढलं वाढलं म्हणतेस, मला तर तीनच झोपड्या दिसतात."

"तुमचा माणूस नाही ना इकडे," काकूंनी समजावलं. "जिथं आपलं माणूस उभं नसतं, तिथलं चित्र हलत नाही. शेवटचं बघितलं तेच दिसत राहतं. म्हणून मी माझा एक स्वार तुमच्या वेशीबाहेर ठेवून दिलाय, तुम्ही बघितला नाहीत का? त्यामुळे मला तुमचं गाव रोजच्या रोज दिसतं."

अण्णांनी बघितला होता तो स्वार. वेशीबाहेर झाडाखाली, घोड्यावर, काहीच न करता उभा. त्यांना वाटलं होतं, वाट चुकलाय.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर अण्णा कितीतरी वेळ तिथेच पाटावर बसून राहिले. दुकान उघडायची वेळ टळली, बाहेर वकील झालरी कापून घ्यायला उभे राहून खाकरले, तरी उठले नाहीत. मग त्यांनी आपल्याजवळचा एकुलता एक माणूस, तो लाकूडतोड्या, कामावरून काढला आणि काकूंच्या राज्याकडे पाठवला. पायी. एका डावात एक घर. मधे जंगल लागलं, मधे नदी आली, नदीला वळसा घालून जावं लागलं. बाकावरची मंडळीसुद्धा विचारायला लागली, "पोचला का हो?" गोष्टीपेक्षा या लाकूडतोड्याचीच चर्चा जास्त. मास्तर म्हणायचे, "अण्णा, उत्तरेनं घ्या, उत्तरेनं, डोंगर टळेल." वकील म्हणायचे, "हद्दीत शिरताना परवानगी घेतलीत का?" गावात लाकूड संपलं, बाजार बंद पडला, अण्णांनी पर्वा केली नाही.

आणि एका दुपारी तो पोचला. अण्णांच्या बोटाखाली नकाशाचा तो कोपरा एकदम उजळला. तीन झोपड्या गेल्या आणि तिथं शहर उभं राहिलं. तटबंदी, बंदर, जहाजं, दूरवर पसरलेली पिवळी शेतं. मधोमध उंच मनोरा. अण्णांनी फोन नाकाजवळ धरून सगळं न्याहाळलं. एवढं सगळं उभं केलं हिनं! इतकी वर्षं ही बाई पडद्यामागं कांदे चिरत होती. त्यांना अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाच्या बुडाशी काहीतरी गार गार साचलं. त्या शहरात कशाचीच कमी दिसत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. काकूच. "अहो, तुमचा माणूस माझ्या वेशीपाशी कुऱ्हाड घेऊन उभाय! लढाईला पाठवलात की काय?"

अण्णा उत्तर द्यायला गेले आणि त्याऐवजी फोन आणखी जवळ ओढला. फोनवर काकू होत्या, पण अंबाडा नव्हता. केस मानेपर्यंत कापलेले.

"हे काय केलंस?"

काकूंनी मानेवरून हात फिरवला, जरा लाजल्या. "बाळ ओढतं हो. मूठ भरली की सोडत नाही. झाले की बरेच दिवस. रोज डोक्यावर पदर असायचा, तुम्हाला दिसलं नाही."

"कुणी कापले?"

"लेकीनं. कागद कापायच्या कात्रीनं. का, वाईट दिसतात?"

अण्णांनी गावातल्या झाडून सगळ्यांच्या डोक्याला हात लावला होता. नवरदेवाचे केस कापले होते, पोरांची जावळं काढली होती, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन दाढ्या केल्या होत्या. बायकोच्या केसांना कात्री लावायची वेळच कधी आली नव्हती. तो अंबाडा रोज सकाळी पडद्याआड घातला जायचा आणि त्यांना तयार दिसायचा.

"वळ बघू जरा," ते म्हणाले. आवाज धंद्याचा. "मान खाली घाल. तशी नाही... हां. डावीकडे खाली आलेत. मागं पायरी पडलीय. उजव्या कानामागं एक बट तशीच राहिलीय, कापायची."

काकू पाठमोऱ्याच बसून राहिल्या. मानेचा तो गोरा भाग, जो अंबाड्याखाली असायचा, अण्णा बघत होते. तिथे एक तीळ होता. तो आहे हे ते विसरून गेले होते.

मग तशाच पाठमोऱ्या, तोंड न वळवता काकू म्हणाल्या, "लेक आज परत विचारत होती. जावई पण म्हणाले, खोली तुमचीच समजा. इथं बरं आहे हो मला. कुणी काही विचारलं की माझं उत्तर येईपर्यंत थांबतात. बाळ तर मला सोडून झोपत नाही. तुमचंही तिकडे सगळं झकास. मग मी तिला हो सांगून टाकते आज. सांगू ना?"

पलीकडे बाळ काहीतरी आपटत होतं. इकडे दुकानाच्या बंद फळीवर कुणीतरी टकटक केली आणि निघून गेलं. अण्णांच्या तोंडात तो जुना शब्द तयार होता, जिभेच्या टोकावर. त्यांनी तो गिळला. गोष्ट सांगताना कसं, कुठं थांबायचं ते माहीत असतं. इथं मुळात सुरू कुठून करायचं तेच त्यांना कळेना.

"अहो?" काकू वळल्या. "ऐकताय ना?"

"ऐकतोय. हो सांगू नकोस. इथं काही झकास नाहीये. पण दुकानासाठी ये असं नाही म्हणत मी, दुकानाचं काय, ते चालेल नाहीतर बसेल. मला तुझी आठवण येते. गिऱ्हाईक खुर्चीत असलं की जरा कमी येते, एवढंच. आणि तिकडे तुला बरं वाटतंय म्हणतेस, तर तेही मी खोडून काढत नाही. तू तिथेच थांब, मी कात्री घेऊन येतो. आधी ती मागची पायरी काढू, मग दोघं बसून ठरवू, कुणी कुणाच्या गावाला राहायचं."